पहिल्या अंघोळीची घाई

कोणत्याही शहरातील प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात दिसणारे दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. दोन्हीकडची मंडळी बाकांवर बसलेली असतात, कोणाच्या हातात थर्मास असतो, कोणी मोबाइलवरून 'अजून काही कळलेले नाही' असे चौथ्यांदा सांगत असतो. दार उघडते आणि परिचारिका दुपट्यात गुंडाळलेले बाळ घेऊन बाहेर येते. त्या बाळाच्या कपाळावर, कानामागे किंवा मानेच्या वळीत पांढरट, चिकट थर राहिलेला दिसला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'सिस्टर, बाळाला नीट पुसले नाही का हो?' विचारणारी बहुधा आजी असते. परिचारिकेला हा प्रश्न इतका परिचयाचा असतो, की तो येऊ नये याची तजवीज ती आधीच करून ठेवते. ओल्या कापडाने किंवा तेलाच्या बोळ्याने अंग चोळून काढलेले, पावडर लावलेले, गुलाबी दिसणारे बाळ नातेवाइकांच्या हाती दिले जाते. पेढे वाटले जातात. या सगळ्यात बाळाच्या अंगावरून नेमके काय पुसले गेले, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

त्या थराचे वैद्यकातील नाव 'व्हर्निक्स केसिओसा'. नाव लॅटिन आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ रोगण आणि दुसऱ्याचा चीजसारखे. ज्याने हे नाव ठेवले त्याची नजर सुताराची असावी, कारण लाकूड पाण्यात राहून कुजू नये म्हणून त्यावर जसे रोगण चढवतात, तसाच हा प्रकार आहे. गर्भ नऊ महिने पाण्यात असतो. आपले हात तासभर पाण्यात राहिले तरी बोटांना सुरकुत्या पडतात. कित्येक आठवडे बुडालेल्या गर्भाच्या कोवळ्या त्वचेचे तसे होत नाही, त्याचे मोठे श्रेय या लेपाला जाते. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात त्वचेतील स्निग्ध ग्रंथींचा स्राव, गळालेल्या पेशी आणि अंगावरची कोवळी लव यांच्यापासून तो तयार होऊ लागतो आणि शेवटच्या तिमाहीत दाट होतो. त्याच्या घटनेचे गणित मोठे मजेशीर आहे. दिसायला लोण्यासारखा असला तरी त्यात सुमारे ८० टक्के पाणीच असते. उरलेल्यात निम्मी स्निग्धद्रव्ये आणि निम्मी प्रथिने. हे पाणी चपट्या पेशींच्या आत साठवलेले असते आणि पेशींच्या अवतीभवती स्निग्धद्रव्याचा गिलावा असतो. त्यामुळे लेप ओलावा धरून ठेवतो आणि तो हळूहळू, बेताने सोडतो.

यातील प्रथिनांकडे संशोधकांचे लक्ष विशेषतः २००० नंतरच्या दशकात गेले. लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, डिफेन्सिन्स आणि 'एलएल-३७' या नावाने ओळखला जाणारा प्रथिनाचा तुकडा असे जंतूंना रोखणारे अनेक घटक त्यात सापडले. यांपैकी काही आईच्या दुधातही असतात. म्हणजे बाळ जन्मताना ज्या वाटेने येते, जेथे जंतूंची वस्ती असणारच, तेथून ते अगदीच निःशस्त्र येत नाही. गर्भ हा लेप थोडाफार गिळतही असतो. दिवस भरत आले की फुप्फुसांत तयार होणारे एक द्रव्य गर्भजलात उतरते आणि त्याच्यामुळे लेपाचे कण सुटून पाण्यात मिसळतात. ते पोटात जातात आणि आतड्यांपर्यंत पोहोचतात. असा लेप केवळ माणसाच्याच पिलाला मिळतो, अशी दीर्घकाळ समजूत होती. २०१८ साली कॅलिफोर्नियातील समुद्रसिंहांच्या नवजात पिलांच्या अंगावर याच घडणीचा लेप आढळला आणि ती समजूत मोडली. समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या पिलाला पुसून काढायला मात्र कोणी नसते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अलीकडे निसर्गाने दिलेले जे जे ते सर्व अमृत, असे सांगणारे लेखन उदंड झाले आहे आणि हा लेपही त्यातून सुटलेला नाही. प्रयोगशाळेतील बशीत जंतू मेले म्हणजे प्रत्यक्ष बाळाचा जंतुसंसर्ग टळला, असे होत नाही. लेप ठेवल्याने नवजात बालकांचे संसर्ग अमुक इतके कमी झाले, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा आज नाही. लेप म्हणजे रजईही नव्हे; केवळ त्याच्यामुळे बाळाचे तापमान टिकते, या म्हणण्यालाही निर्विवाद आधार नाही. लेप राहू दिलेल्या जागची त्वचा दुसऱ्या दिवशी अधिक ओलसर असते, तिची आम्लता लवकर योग्य पातळीकडे येते आणि लाली कमी असते, एवढे मात्र तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे. जन्मतः त्वचा जवळजवळ उदासीन असते; पुढच्या काही दिवसांत ती आम्लधर्मी होते आणि त्या आम्लतेत अनेक उपद्रवी जंतूंना जम बसवणे कठीण जाते. साबण बहुधा अल्कधर्मी असतो. पहिल्याच तासात साबणाने घातलेली अंघोळ म्हणजे या प्रक्रियेला उलट्या दिशेने दिलेला धक्का होय.

मग घाईच्या अंघोळीविरुद्धचा खरा पुरावा कोणता? तो थंडीचा आहे आणि तो भक्कम आहे. आईच्या पोटातील ३७ अंश सेल्सिअसमधून बाळ ओलेचिंब अवस्थेत बाहेरच्या हवेत येते. त्याला कोरडे केले नाही, उघडे ठेवले, तर पहिल्या १० ते २० मिनिटांत त्याच्या शरीराचे तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकते. मोठ्या माणसासारखे कुडकुडून उष्णता निर्माण करणे त्याला जमत नाही. तापमान ३६.५ च्या खाली गेले की बाळाची साखर आणि प्राणवायू दोन्ही खर्ची पडू लागतात, ते मलूल होते, ओढून पीत नाही, आणि न प्यायल्याने आणखी गार पडते. युगांडात २४९ नवजात बालकांवर झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे बाळांचे दोन गट पाडले होते. दोन्ही गटांतील बाळे आईच्या उघड्या अंगाशी ठेवलेली होती. एका गटाला जन्मानंतर तासाभराने अंघोळ घातली, तीही कोमट पाण्याने. तरीही त्या गटात गार पडलेल्या बाळांचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त निघाले. 'आम्ही गरम पाणी वापरतो' हा आपल्याकडचा नेहमीचा युक्तिवाद विषुववृत्तावरच्या देशातही टिकला नाही.

दुसरा पुरावा दुधाचा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँड क्लिनिकच्या एका रुग्णालयाने पहिली अंघोळ किमान बारा तास पुढे ढकलली आणि आधीच्या व नंतरच्या मिळून ९९६ माता-बालकांची तुलना केली. रुग्णालयात असेपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर राहिलेल्या बाळांचे प्रमाण ५९.८ टक्क्यांवरून ६८.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. आधी-नंतरच्या तुलनेला मर्यादा असतात, हे मान्य. पण त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. न धुतलेल्या बाळाच्या हातांना गर्भजलाचा वास असतो. तो वास बाळाला ओळखीचा असतो आणि त्याच्या आधाराने ते स्तनाकडे सरकते, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिले होते. शिवाय बाळ अंघोळीला नेले म्हणजे ते आईपासून दूर गेले. वजन, अंघोळ, पावडर, कपडे आणि नातेवाइकांचे दर्शन या फेरीत पहिला तास केव्हा संपतो, ते कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची या प्रश्नावरील भूमिका क्रमाक्रमाने कडक होत गेली आहे. २००६ च्या मार्गदर्शिकेत लेप काढू नका आणि सहा तासांच्या आत अंघोळ घालू नका, असे सांगितले होते. २०१३ च्या शिफारशींत ही मुदत २४ तासांवर गेली. मात्र रूढींमुळे ते शक्य नसेल तर निदान सहा तास थांबा, अशी सवलत ठेवली होती. २०२२ च्या शिफारशीत निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाची पहिली अंघोळ किमान २४ तास लांबवावी, असे सरळ म्हटले आहे. त्याच शिफारशींत निरोगी बाळांना सरसकट मलमे-क्रीमे लावण्याचा सल्ला दिलेला नाही; उलट हलक्या हाताने केलेल्या मालिशचा विचार करण्यास हरकत नाही, असे म्हटले आहे. आपल्या आज्यांना अर्धा तरी न्याय मिळाला, असे म्हणायला हवे.

आता आपल्या आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील ३८.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. पंधरा वर्षांतील ही झेप असामान्य आहे आणि तिच्यामुळे असंख्य मातांचे प्राण वाचले आहेत, यात शंका नाही. पण त्याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा पाहावा. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्के होते. पाच वर्षांपूर्वीच्या फेरीत ते ४१.६ टक्के होते. म्हणजे दहापैकी जवळजवळ नऊ बाळे प्रशिक्षित हातांत जन्मतात आणि त्यांपैकी निम्म्यांनाही पहिल्या तासात आईचे दूध मिळत नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २७ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती आणि त्यांपैकी १९ पहिल्या २८ दिवसांतच. हे मृत्यू अंघोळीने होतात, असे कोणी म्हणणार नाही. अपुरे दिवस, श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग ही त्यांची मुख्य कारणे आहेत. पण गार पडलेले, उपाशी बाळ या तिन्हींशी झुंजताना आधीच निम्मे हरलेले असते.

या घाईचा दोष परंपरेवर टाकून मोकळे होण्याची आपल्या सुशिक्षितांना सवय आहे. परंपरेचा वाटा आहेच. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त उत्तरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात नवजात बाळाच्या अंगावरील 'उल्ब' सैंधव आणि तुपाने काढून टाकावा, असा विधी सांगितला आहे; उल्ब म्हणजे गर्भाचे वेष्टन, आणि वैद्यमंडळी त्यात हा लेपही धरतात. त्याखेरीज सोयर आणि विटाळाची कल्पना आहे. बाळंतीण, तिची खोली, तिची सुईण यांच्याबरोबर बाळाच्या अंगावरचे सारेच अशुद्ध मानले गेले आणि अंघोळ ही शुद्धी ठरली. हे आपल्याकडेच आहे असेही नाही. आफ्रिकेतील काही समाजांत हा लेप म्हणजे गरोदरपणातील शरीरसंबंधाची खूण समजली जाते, आणि लेपाने माखलेले बाळ पाहून आईलाच खाली मान घालावी लागते.

पण परंपरेतही दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहायला हव्यात. महाराष्ट्रातील घरांत न्हाऊ घालणारी बाई येते, पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला पायांवर घेते, तेल जिरवते, टाळू भरते, कढत पाणी घालते आणि मग ओवा-बाळंतशेपांची धुरी देते. या सोहळ्यातील चोळणे, लव जावी म्हणून कणकेचा गोळा किंवा डाळीचे पीठ अंगावर फिरवणे, धुराने खोली भरणे या गोष्टींविषयी बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडत आले आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु हे सारे घरी, पहिल्या काही दिवसांनंतरचे. पहिल्या तासाची सूत्रे मात्र आज बहुतांश ठिकाणी रुग्णालयाच्या हाती आहेत. तेथे लेप पुसला जातो तो विटाळाच्या कल्पनेने नव्हे, तर 'नीटनेटके' बाळ दाखवायचे म्हणून, पाळी संपण्यापूर्वी काम उरकायचे म्हणून आणि नेहमी तसेच होते म्हणून. विटाळ घरातून निघाला आणि स्वच्छतेचा गणवेश घालून रुग्णालयात रुजू झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

रुग्णालयांची ही सवय किती पक्की असते, ते फिलिपाइन्समध्ये उघड झाले. तेथील ५१ रुग्णालयांत निरीक्षक घड्याळ घेऊन उभे राहिले आणि जन्मानंतर बाळाचे मिनिटागणिक काय होते, त्याची नोंद करण्यात आली. कोरडे करणे, आईच्या अंगावर ठेवणे आणि पाजणे या आवश्यक गोष्टी मागे पडत होत्या, आणि अंघोळ लवकर घातली जात होती. त्यानंतर २००९ मध्ये त्या देशाने 'उनांग याकाप', म्हणजे 'पहिली मिठी', या नावाची मोहीम सुरू केली. त्यात नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. लगेच कोरडे करा, आईच्या उघड्या अंगावर ठेवा, नाळेचे स्पंदन थांबल्यावर ती कापा, बाळाला आईपासून दूर नेऊ नका; आणि अंघोळ नंतर.

आपल्याला यासाठी मनिलाकडे पाहण्याचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच थोडीफार शिकलेली बाई प्रशिक्षित केली. ती बाळाचे वजन घेई, तापमान पाही, ऊब कशी द्यायची ते दाखवी आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करी. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. उत्तर प्रदेशातील शिवगढ येथे तर भर केवळ वर्तनबदलावर होता. ऊब, आईचा स्पर्श आणि स्वच्छता यांविषयी घराघरांत, सासूबाईंसह सर्वांशी बोलणे झाले आणि नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००८ मध्ये नोंदवले गेले. या यशात अंघोळ लांबवण्याचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण ज्या आजीला आपण अडथळा समजतो, तिला कारण समजावून सांगितले तर ती ऐकते, हे दोन्हीकडे सिद्ध झाले. २०११ पासून गडचिरोलीच्या धर्तीवर देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी भेटी देतात आणि पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये, हे त्यांच्या प्रशिक्षणात आहे. खेड्यातील आशाताईला जे ठाऊक आहे, ते शहरातील महागड्या प्रसूतिगृहात पाळले जात नसेल, तर शिकण्याची गरज कोणाला आहे?

शहरी वाचकाच्या दृष्टीने प्रश्न आणखी टोकदार होतो तो सिझेरियनमुळे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. शस्त्रक्रियागृह वातानुकूलित असते आणि तेथील गारवा शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या सोयीने ठरतो. आई टेबलावर, तिच्या अंगावर हिरवी चादर, एका हाताला सलाइन. अशा वेळी बाळ वॉर्मरखाली, तेथून बाळांच्या खोलीत आणि तेथून नातेवाइकांकडे असा प्रवास करते. आईची भेट सर्वांत शेवटी. वास्तविक भूल कमरेखालची असेल आणि आई-बाळ ठीक असतील, तर बाळाला तिच्या छातीशी ठेवणे टेबलावरही शक्य असते. त्यासाठी एक जादा परिचारिका लागते आणि चार जणांनी आपली रीत बदलावी लागते.

या चित्रातला सर्वांत क्लेशदायक विरोधाभास अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा आहे. जी बाळे फार लवकर जन्मतात, त्यांच्या अंगावर हा लेप जवळजवळ नसतोच. त्याची गरज ज्यांना सर्वाधिक, त्यांनाच तो मिळत नाही. कृत्रिम लेप बनवण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत. ढाक्यातील एका बालरुग्णालयात अशा बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल लावल्यावर रुग्णालयात जडणारे संसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ मध्ये दिसले होते. उंदरांवरील प्रयोगात मात्र मोहरीच्या तेलाने त्वचेचे संरक्षण उलट ढासळले. तेव्हा तेल म्हणजे तेल, असेही नाही. आज तरी या बाळांसाठी सर्वांत खात्रीचे आवरण म्हणजे आईची त्वचा. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, कमी वजनाची बाळे स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच आईच्या छातीशी बांधली, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. अशा बाळांच्या अंघोळीचा तर विषयच काही दिवस काढू नये.

अपवाद आहेत आणि ते सांगायला हवेत. आईला एचआयव्ही किंवा 'ब' प्रकारची कावीळ असेल, तर अंगावरील रक्त लवकर स्वच्छ करण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. बाळ शीने माखलेले असेल, तर ती पुसायलाच हवी. आणि कोरडे करणे म्हणजे लेप खरवडणे नव्हे, हे साध्या टॉवेलने टिपून घेणाऱ्या हाताला कळते. राहिलेला लेप एक-दोन दिवसांत त्वचेत आपोआप जिरतो. तो काढण्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही.

सरकारने २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आणला, २०१४ मध्ये नवजात बालकांसाठी कृती आराखडा केला आणि २०३० पर्यंत नवजात मृत्युदर एक आकडी करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. प्रशिक्षणवर्ग झाले, तक्ते भिंतींवर लागले. पण रुग्णालयात ज्याची नोंद होते त्याचीच विचारणा होते, हा तेथील नित्याचा अनुभव आहे. जन्माची वेळ मिनिटासह लिहिली जाते, वजन ग्रॅममध्ये लिहिले जाते. त्याच केसपेपरवर बाळ आईच्या अंगावर किती वाजता ठेवले, पहिल्यांदा केव्हा पाजले आणि पहिली अंघोळ केव्हा घातली, हे तीन रकाने सरकारी आणि खासगी दोन्हीकडे सक्तीचे करता येतील. छपाईच्या पुढच्या खेपेत ते बसवायला वेगळी तरतूद लागणार नाही. तोवर व्हरांड्यातील आजींना परिचारिकेने एवढेच सांगावे : 'आजी, ते मुद्दाम ठेवले आहे. उद्यापर्यंत राहू द्या.'